बर्डीवरचं चंक्रमण

दुपारचे दोन वाजले असतील. कूलरचा आवाज हळूहळू लांब जातो, मग पुन्हा जवळ येतो, आणि जवळ येतो तेव्हा तो कूलर नसतो, बर्डीवरच्या रिक्षा असतात. मी पडूनच आहे, पण पाय चालायला लागलेत. नागपुरात बर्डी म्हणजे बाजार. तिथं मुंगीला शिरायला जागा नसते.

मला ठाऊक आहे, ते मागं आहेत. आमचे हे. जाऊन तीन वर्षं झाली.

चौतीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं. सायकल पंक्चर झाली तर पायी, पण भराभर. आणि निवृत्त झाल्यावर विहारात भंतेजींकडून शिकून काय आले, तर सावकाश चालणं. पाऊल उचलायचं, पुढं न्यायचं, टेकायचं, आणि मनात तेच म्हणत राहायचं. त्याला चंक्रमण म्हणतात. विहारात करा, गच्चीवर करा, कोण नको म्हणतं? पण ह्यांना ते बर्डीवरच करायचं होतं, भर गर्दीत. शांत जागी कोणीही शांत राहतं, असं त्यांचं म्हणणं. मी त्याला चक्रमपणा म्हणायचे. लोक धक्के मारत, फेरीवाले हसत, आणि मी लाजेनं वीस पावलं पुढं चालायचे, जणू ओळखच नाही.

त्या दिवशीही मी पुढंच होते. मागं गलका झाला तेव्हा वळले. ते एका दुकानाच्या पायरीशी कोसळले होते, आणि मी पोचेपर्यंत गेले होते. तेव्हापासून एकच गोष्ट मला खाते आहे. पडण्याआधी त्यांनी मला हाक मारली असेल का? मारली असेल, आणि मी पुढं होते म्हणून ऐकू आली नसेल, तर?

आता मी वळते. गर्दी आहे, ते नाहीत. मी "अहो" म्हणून हाक मारते, तर रस्त्यावरचे निम्मे पुरुष वळून बघतात. सगळ्यांच्याच बायका अहो म्हणतात, दुसरं काय होणार? पुन्हा हाक मारते, पुन्हा तेच परके चेहरे. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं नाव मी उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच.

मी नाव घेते. "हिरामण."

आवाज थांबतात. मी टपाल कचेरीत आहे, पत्रं वेगळी करायच्या त्या लांब खोलीत. भिंतीवरच्या खणांत पत्रांऐवजी चपला ठेवल्यात, जोडीजोडीनं. फेरीवाले तिथंच बसलेत, पण विकत काही नाहीत. खोलीच्या टोकाकडून ते येताहेत. अंगात खाकी नाही, पांढरा सदरा आहे. उचललं, पुढं नेलं, टेकलं. अजून तसेच, गोगलगायीसारखे.

"नाव घेतलं न तू," ते म्हणतात. "चार लोकांत."

"मग काय करू? अहो म्हटलं तर अख्खी बर्डी वळून पाहून राहिली."

ते हसतात. ते हसणं बघून मला भरून येतं. मी धावत सुटते, पण जितकी धावते तितकी खोली लांबत जाते. घाई केली की ते दूर जातात, हे कळायला मला वेळ लागतो. मेल्यावरही माणूस आपलंच खरं करतो. शेवटी मी थांबते. एक पाय उचलते, पुढं नेते, टेकते. मनात तसं म्हणतेसुद्धा, जन्मात पहिल्यांदा. फरशी पायाला गार लागते. ते तीन पावलांवर येतात, मग दोन, मग माझ्या शेजारी. सदऱ्याला निळीचा वास आहे.

आम्ही बरोबर चालतो. पुन्हा बर्डी आहे. भोंगे, रिक्षा, हातगाड्या, सगळं आहे, पण कोणी धक्का देत नाही. बोलू नये असं वाटतं, आणि विचारल्याशिवाय राहवतही नाही.

"त्या दिवशी तुम्ही मले हाक मारली होती का?"

ते पाऊल पुरतं टेकवतात, मगच बोलतात. "नाही."

"खरं सांगा."

"कायले मारू? तू समोर दिसत होती न. पाठमोरी, पिवळ्या लुगड्यात. मी मनात उचललं म्हणत होतो, टेकलं म्हणत होतो, अन् तुले पाहत होतो. भंतेजीले सांगू नको, पण माझं ध्यान पावलावर कधीच नव्हतं."

मी चालता चालता रडते. तुम्ही एकदा तरी थांब म्हणायचं होतं, असं म्हणते. ते पुढचं पाऊल उचलतात. लोकांसमोर त्यांचा हात मी कधी धरला नव्हता. आता धरायला जाते.

"आई, जपून. फरशी ओली आहे."

सून, करुणा. मी खोलीच्या दारात चौकटीला धरून उभी आहे. मागं पलंग रिकामा, कूलर चालू. करुणा हातात पोछा घेऊन माझ्याकडे बघते आहे. तिनं मला आजवर तरातरा चालतानाच पाहिलंय. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पलंगापासून दारापर्यंत माझी पावलं उमटली आहेत, टाचेला अंगठा लागेल इतकी जवळजवळ. मधून चालायला जागा असून सगळी भिंतीला लागून. शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.

ती पुसायला वाकते. मी तिचा हात धरते.

"राहू दे," मी म्हणते. "आपोआप वाळतील."

मग मी उंबरठ्यावर बसते आणि ती वाळेपर्यंत बघत राहते.