शेवटच्या वळणामागे काय आहे?

ब्रह्मदेव चौकसपणा वाटायला बसला, तेव्हा आमचे मोठे साडू पोतं घेऊनच गेले असणार. मोर्शीकडचे संत्रा-बागायतदार, वय बासष्ट, आणि तोंडात दिवसभर एकच शब्द: "काहून?" माझ्या लग्नात मंगलाष्टकं थांबवून त्यांनी भटजींना विचारलं होतं, "हा अंतरपाट पांढराच काहून?" मुहूर्त टळता टळता राहिला!

चिखलदऱ्याकडे डोंगरात सायकलींसाठी नवी वाट झाल्याचं त्यांना कळलं आणि अमरावतीत माझा फोन वाजला. "सोमवारी गुडघ्याचं ऑपरेशन हाय. मंग सायकल जमते का नाही, कोणाले ठाव? ते वाट कुठवर जाते, तेवढं पाहून घेऊ." रविवारी जाड टायरच्या दोन सायकली भाड्याने घेतल्या. साडूंनी पायजमा मोज्यात खोचला, टोपीवरच हेल्मेट चढवलं आणि आम्ही निघालो. निघालो कसले, दर वळणाला उतरत होतो. वळणाची माती बाहेरच्या कडेला उंच केलेली पाहून त्यांचं डोकं फिरलं. वेगातली सायकल बाहेर जाऊ नये म्हणून ती तशी असते, हे मी तीनदा सांगितलं. "अन् पाणी कुठून निघन? मुळाशी पाणी थांबलं का झाड गेलं!" इथे संत्र्याचं झाड कुठलं? पण चपटा दगड घेऊन त्यांनी चर खणलासुद्धा. रखवालदार ओरडत आला आणि दहा मिनिटांत उकिडवा बसून संत्र्याची शेती ऐकू लागला. "झाडाले ताण द्या लागते, भाऊ. पाणी तोडलं, झाड तहानलं, का मंग बहार फुटते." मग रखवालदाराच्या सांगण्यावरून साडूंनीच चर बुजवला. या सगळ्यात ऊन डोक्यावर आलं, गुडघा टम्म सुजला आणि शेवटचं वळण समोर दिसत असताना परतावं लागलं. उतरताना त्यांची मान सारखी मागेच वळत होती.

ऑपरेशन छान झालं, पण माणूस खचला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या अक्काने, हात टेकले. पंधरा दिवसांत ते एकदाही "काहून" म्हणाले नाहीत, तेव्हा मात्र मी एकटाच जाऊन वाटेचं टोक बघून आलो आणि थेट त्यांच्या खाटेशी बसलो.

"भाऊजी, शेवटच्या वळणापलीकडे जाऊन आलो बरं का."

मान वळली. "काय हाय जी तिथं?"

"सांगणार नाही. स्वतःच्या पायांनी येऊन बघा."

"काहून?"

"ताण देऊन राहिलो तुमाले."

मला दोन अस्सल वऱ्हाडी शिव्या बसल्या. मग त्यांनी वॉकर ओढला.

आता ते रोज बागेच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे कडेच्या बांधापर्यंत, चालतात आणि तिथूनच मला फोन करून तेच विचारतात. मी टाळतो. तिथे काही असतं तर सांगितलंही असतं! एक आडवा दगड आहे आणि वाट संपते, बस. पण हिवाळ्यात आम्ही दोघं जाऊ, तेव्हा त्या दगडापाशी उभे राहून ते म्हणतील, "संपते? काहून?" आणि खणायला चपटा दगड शोधू लागतील.