रांजणाशेजारच्या प्लेट्स

“हा डेटा बनवलेला आहे,” तपासणीला आलेले प्रोफेसर म्हणाले आणि रेणुकाची फाइल त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारली.

रेणुका माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. भालकी तालुक्यातल्या मेहकरची. बीदरच्या आमच्या लॅबमध्ये तीन वर्षं यीस्टवर राबली होती. हा शेरा रिपोर्टमध्ये गेला की तिचं रजिस्ट्रेशन रद्द. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काम समजायला अवघड नाही. पाव फुगवणारं यीस्ट ठाऊक आहे ना? त्याच्या एका पेशीच्या दोन होतात. पण त्याआधी काइनेझ नावाच्या प्रोटीनची परवानगी लागते. ते इतर प्रोटीन्सवर फॉस्फेटचा शिक्का मारतं. शिक्का पडला की काम पुढे सरकतं, तहसीलमधल्या फायलीसारखं. रेणुकाच्या यीस्टमधलं काइनेझ जरा अधू होतं. पंचवीस अंशांना चालायचं, सदतीसला बंद पडायचं. म्हणून ती साधं आणि अधू, दोन्ही यीस्ट टाकून दोन प्लेट्स लावायची, एक गरम इन्क्युबेटरमध्ये, दुसरी पंचवीसला. साधं यीस्ट दोन्हीकडे वाढायचं. अधू यीस्ट फक्त दुसरीकडे.

प्रोफेसरांना तिच्या प्लेट्सचे फोटो फारच स्वच्छ वाटले. माझ्यासमोर करून दाखवा, म्हणाले. सोमवारी रेणुकानं प्लेट्स लावल्या. एक इन्क्युबेटरमध्ये गेली. दुसरीसाठी त्यांनी तिची वही उघडली. ‘रूम टेम्परेचर’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी प्लेट स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवली.

“सर, टेबलावर नको,” रेणुका मला हळूच म्हणाली. “रांजणाजवळ ठिवू का?”

मी डोळे वटारले. एवढा मोठा माणूस आलाय आणि ही कोपऱ्यातला पाण्याचा रांजण काढते! प्रोफेसरांनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. गुरुवारी कुलूप काढलं, तर साधं यीस्ट दोन्ही प्लेट्सवर उगवलेलं आणि अधू यीस्ट एकीवरही नाही.

ते रिपोर्ट लिहायला प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये गेले. मी रेणुकावर खेकसलो, “कुठं चुकलं? खरं सांग.”

तिनं तीच वही, मागच्या उन्हाळ्याची, उघडली आणि एका पानावर बोट ठेवलं. तिच्या अक्षरात होतं, ओलं पोतं, रांजणाशेजारी, पंचवीस अंश. त्यावर लाल रेघ. वर माझ्या अक्षरात, रूम टेम्परेचर.

“मी लिवलं होतं,” ती म्हणाली. “कामून खोडलं सर तुम्ही?”

थंड करणारा आमचा इन्क्युबेटर दोन वर्षं बंद होता. मी अर्ज करून थकलो, उत्तर एकच, पुढच्या बजेटमध्ये बघू. रेणुकाच्या अप्पांची भालकीला पानपट्टी आहे. तिथं विड्याची पानं ओल्या पोत्यात टवटवीत राहतात. तिनं तसंच केलं. प्लेट्स डब्यात, डब्यावर ओलं पोतं, डबा पाझरणाऱ्या रांजणाला टेकवून. थर्मामीटर लावून रोज तपासायची. लोक हसतील म्हणून मी ते खोडलं होतं. ज्यांनी रूम टेम्परेचर हा शब्द काढला त्यांची रूम पंचवीसची असेल. एप्रिलमध्ये गच्चीखालची आमची रूम किती तापते, ते मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे?

वही घेऊन मी केबिनमध्ये शिरलो. आत एसी चालू होता. लॅबला थंड करणारा इन्क्युबेटर नाही, आणि इथं गारठा! माझा आवाज चढलाच.

“इथं बसून तिचा निकाल लावू नका. आधी आमच्या खोलीत चला.”

“मी वहीप्रमाणे केलं,” प्रोफेसर म्हणाले.

“वहीतलं ते मी लिहिलंय. तिचं खाली आहे, लाल रेघेखाली. वाचा.”

त्यांनी वाचलं. मग कुरकुरत वर आले. टेबलावरचा थर्मामीटर अडतीस दाखवत होता. म्हणजे त्यांनी दोन्ही प्लेट्स तापवल्या होत्या.

“मग मुलीनं तेव्हाच बोलायचं होतं.”

“बोलले की सर,” रेणुका म्हणाली. “ऐकायलं कोण?”

पुन्हा प्लेट्स लावल्या. या वेळी डबा रांजणाला टेकला, ओलं पोतं पडलं, आत पंचवीस. कुलूप त्यांचंच. पोत्यावर पाणी मारायलासुद्धा ते स्वतः किल्ली घेऊन यायचे, मोठ्या नाखुशीनं. सोमवारी रांजणाकडच्या प्लेटवर अधू यीस्टचे रव्याएवढे पांढरे ठिपके होते. गरम प्लेट कोरी.

आरोप मागे घेतला. माफी मात्र कुणी मागितली नाही. त्यांनी नाही, प्रिन्सिपलनी नाही. उलट रिपोर्टमध्ये एक ओळ वाढली, ‘विद्यार्थिनीच्या नोंदी मार्गदर्शकाने बदलल्या.’ दोन दिवस मी धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी रेणुकाला बोलावून म्हणालो, “ती ओळ खरी आहे. चूक माझी.”

“व्हय सर,” ती म्हणाली आणि पोतं भिजवायला गेली.

तिच्या थीसिसमध्ये रांजण आणि पोतं दोन्ही आहेत. एकही परीक्षक हसला नाही. मी पुढेही वह्या तपासल्या, पण शेरे समासात लिहिले. काम ज्याचं, अक्षर त्याचंच राहावं.