खो-खो बंद केल्यावर

माझी मुलगी दहा वर्षांची होती तेव्हा तिला चालणं माहीतच नव्हतं. खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन मी रिक्षा शोधेपर्यंत ती पुढच्या चौकापर्यंत पळून परत आलेली असायची. घराजवळच्या मैदानावर संध्याकाळी खो-खो चालायचा. तिथल्या सरांनी एकदा मला थांबवून सांगितलं, "बेन, छोकरी बहु सरस दोडे छे." मुलगी फार छान पळते, तिला रोज पाठवा, म्हणाले. मी चार वर्षं पाठवली. गुडघे कायम फुटलेले, भूक दुप्पट आणि पाठ टेकली की झोप.

नववीत मीच ते बंद केलं. ट्यूशनची आणि खेळाची वेळ एकच होती. हे मकरपुऱ्याहून कंपनीच्या बसने सातला यायचे, त्यामुळे ठरवणं माझ्याकडेच. दोनच वर्षं, दहावी झाली की परत जा, असं मी तिला सांगितलं. ती भांडली नाही. सर मात्र घरी आले. आठवड्यातून तीन दिवस तरी सोडा, म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. तिच्या वर्गातल्या सगळ्याच मुली ट्यूशनला जात होत्या.

दहावीनंतर अकरावीचे क्लास आले, मग बारावीचे. स्कूटी घेतली तेव्हापासून ती कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटीवरच जायला लागली. बारावी संपली तेव्हा आमचे तीन जिने चढून ती दारातच बसायची. डॉक्टरांनी सगळं तपासलं. आजार काही नाही, अंगाला हालचाल नाही, रोज खेळू दे, म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मी तिला मैदानावर घेऊन गेले. सरांना आनंद झाला. त्यांनी तिला लहान मुलींबरोबर खेळायला घेतलं. खांबाला दोन वळसे घातले आणि ती कूस धरून खाली बसली. मुली खेळ थांबवून तिच्याभोवती जमल्या. एकीने पाणी आणून दिलं.

परत येताना ती म्हणाली, "कसं वळायचं ते आठवतं गं. पण पाय तिथे पोचत नाहीत."

"पंधरा दिवसांत येईल सगळं," मी म्हटलं.

"दहावीनंतर परत जा, असं तूच म्हणाली होतीस. मी वाट बघत होते, आई."

आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं.

ती पुन्हा गेली नाही. मी पहाटे फिरायला उठवून पाहिलं, बॅडमिंटनच्या रॅकेट आणल्या, यांनाही तिच्याशी बोलायला लावलं. ती ऐकून घ्यायची, दोन दिवस यायची, आणि मग राहून जायचं.

आता ती पुण्यात नोकरी करते. दिवसभर खुर्चीत असते. दर रविवारी फोनवर मी विचारते, फिरायला जातेस ना? हो, जाते, असं ती लगेच म्हणते. ती जात नाही, हे मला कळतं. मग मी जेवणाचं विचारते.