घरचा गांधार

नबीसाबच्या घराण्यात सारंगी वाजायची ती नखांच्या मुळांनी. गिरणीच्या यंत्रात त्याच्या डाव्या हाताची दोन नखं गेली, पुन्हा आली ती वेडीवाकडी. तेव्हापासून सारंगी खुंटीला टांगलेली आणि नबीसाब गप्प. सुरांनी मात्र त्याची पाठ सोडली नाही. मागावर धोटा घसरत गेला की त्याला वाटायचं, कुणीतरी एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद उतरलं. तंद्री लागायची, आणि जॉबर मुकादमाच्या शिव्या खाव्या लागायच्या.

नवी पेठेत चनमल्लप्पा वाद्यं दुरुस्त करी. बुडालेल्या नाटक कंपनीची एक विलायती गिटार त्याच्याकडे पडून होती. "मांडीवर आडवी घ्यायची, तारांवरनं लोखंडी कांडी फिरवायची. नखाचं कामच न्हाय की!" तो म्हणाला. नबीसाबनं गिरणीतल्या मोडक्या चातीचा लोखंडी तुकडा घासून गुळगुळीत केला आणि त्याच्या दुकानामागं बसून मुलतानी राग घोटला.

घरी अब्बा होते. कासीमसाब. म्हातारा मोठा खट. त्यांचा रिवाज असा, की परक्याला 'वाहवा' आणि शागिर्दाला फक्त चूक दाखवायची. पोटच्या पोराला त्यांनी जन्मात वाहवा दिली नव्हती, आणि पोराला त्याचाच अभिमान.

एका उन्हाळी दुपारी नबीसाब गिटार घेऊन त्यांच्यापुढं बसला. निंबाची सावली अंगणात पेंगत होती. अब्बांनी डोळे मिटून ऐकलं.

"वाहवा," ते म्हणाले. "बहोत खूब. कुठलं म्हणायचं तुमचं घराणं?"

शिवी दिली असती तर नबीसाबला परवडलं असतं. उठून जावं असं त्याला वाटलं. पण कांडी आपसूक तारेवर टेकली. तो पुन्हा वाजवू लागला, आता कुणासाठीच नाही. ऊन, सावली, खुंटीवरची सारंगी, सगळं त्या सुरात तरंगायला लागलं. अब्बा समोर आहेत हेही तो विसरला.

"चढा."

नबीसाब दचकला.

"गांधार चढा लागतोय, नब्या. मुलतानीचा गांधार हाय त्यो. खाली घे. निजू दे की त्याला."

कांडी जराशी मागं सरकली.

"न्हाय. आजून चुकतंय," अब्बा खेकसले, आणि नबीसाबच्या डोळ्यांना धारा लागल्या.