पडद्यावर उमटलेली वसाहत

भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीच्या कचेरीत सुमित्रा देवधर लग्नाआधीपासून शाईने नकाशे काढत होत्या. नव्वदच्या दशकात कचेरीत कॉम्प्युटर आला, तेव्हा जमिनीच्या वापराचे कागदी नकाशे त्यात चढवायचं काम त्यांनी हट्टाने मागून घेतलं. नकाशा खास टेबलावर चिकटवायचा आणि माउससारखं यंत्र रेषेवरून फिरवत बटण दाबत जायचं, की तीच रेषा पडद्यावर उमटे. घरं, शाळा, बाजार, मैदानं, सगळं त्यांनी असं गिरवलं.

शेवटचा नकाशा जोडला त्या दुपारी त्यांनी कॉम्प्युटरला विचारलं, शाळांना लागून मोकळी जागा कुठे आहे? क्षणात पडद्यावर हिरवे तुकडे चमकले.

"अगं बाई!" त्या ओरडल्याच. लगेच त्यांनी नवऱ्याला कारखान्यात फोन लावला. "अहो, असाल तसे या! अख्खी वसाहत एका नजरेत दिसतेय!"

अच्युतराव धापा टाकत आले. "आपलं घर कुठंय?"

"हे काय! आणि ही तुमच्या कारखान्याची पाण्याची टाकी!"

गलका ऐकून साहेब दारात आले. "मॅडम, अब पड़ोस की इंद्रपुरी बस्ती के नक्शे भी..."

"आजच द्या!" भरात त्या मराठीतच म्हणाल्या आणि टेबल पुसायला लागल्या.