व्यवसायाचा रकाना

हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. त्यात तुम्ही काय लिहिता?

अण्णाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या फॉर्मवर 'खाजगी नोकरी' असं लिहिलं होतं. तो बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं वितळवायचा. आम्ही त्याला दाखल केलं तेव्हा दोन महिने त्याच्या पोटात कळा येत होत्या आणि उजवा पंजा मनगटापासून लोंबत होता. तो हात गेला असता तर काम गेलं असतं.

मोठ्या डॉक्टरांनी पोटाचा स्कॅन काढला, घशातून नळी घातली, मानेचा एमआरआय केला. राउंडला ते शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन यायचे आणि अण्णाच्या डोक्यावरून इंग्रजीत बोलायचे. "इंटरेस्टिंग केस" एवढं त्याला कळलं.

"बघ, मी इंटरेस्टिंग आहे म्हणे," तो वहिनीला म्हणाला.

"त्यांना कुठे तुमच्याबरोबर संसार करायचाय!"

आठवड्याने निदान झालं, मानसिक ताण. एवढी यंत्रं, नावापुढे एवढ्या पदव्या, आणि हाती आला ताण!

त्याच दुपारी रक्त काढायला एक वयस्कर नर्स आली. पूर्वी ती होसकोट्याला एका कारखान्याच्या दवाखान्यात होती.

"अण्णा, हात स्वल्प वर करा. आणखी." पंजा उठेना. तिने त्याला तोंड उघडायला लावलं. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ होती.

"काम काय करता?"

"शिसं वितळवतो."

"आणि हे सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुणी, अक्का?"

तिच्या सांगण्यावरून रक्त तपासलं. त्यात शिसं निघालं, उपचार सुरू झाले. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर घोळक्याला ते असं समजावत होते, जणू हिरडी त्यांनीच पाहिली होती. नर्सचं नावही निघालं नाही.

मी तरातरा त्यांच्या केबिनमध्ये गेले. "एका माणसाला तो काय काम करतो हे विचारायला किती वेळ लागतो, डॉक्टर?"

त्यांनी फाईलचं पहिलं पान माझ्यासमोर धरलं. 'खाजगी नोकरी'. अक्षर माझं होतं.

फॉर्म भरताना रांगेत माझ्यामागे आमच्या समाजातले एक ओळखीचे व्यापारी उभे होते. लहानपणापासून घरात कामगार संघटनेच्या पत्रकांच्या घड्या घालत मोठी झालेली मी, भाऊ भट्टीवर असतो हे त्यांना दिसू नये म्हणून तसं लिहिलं. त्या डॉक्टरांची मला आजही किळस येते. माझी जरा जास्त येते.

डिस्चार्जच्या कागदावर 'प्रकृतीत समाधानकारक सुधारणा' असं लिहिलं आहे. अण्णा अजून डाव्या हाताने उजवं मनगट धरून शर्टाची बटणं लावतो. भट्टीवर आता दुसरा कुणी उभा आहे.

तो भट्टीवरचा नवा माणूस किंवा तुमच्या घरातला कुणी हॉस्पिटलात आला, तर त्या रकान्यात त्याचे हात दिवसभर काय करतात ते पूर्ण लिहा. मागे कोण उभं आहे ते बघू नका. आणि डॉक्टरांनी फाईल मिटण्याआधी ती ओळ त्यांना मोठ्याने वाचायला लावा.