टिकलीएवढी जखम

मैत्रिणींनो, आज दुपारी शेजारच्या नव्या भाभींनी कौतुकाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. "देखो दीदी, अमेरिका में मेरा भाई घर पे गोली बनाता है!"

व्हिडिओत त्या भावाने बंदुकीची पोकळ तोंडाची गोळी जेलीच्या ठोकळ्यात झाडली. "जेली बिलकुल आदमी के मांस जैसी," भाभी म्हणाल्या. बाहेर टिकलीएवढं भोक, आत सगळ्या चिंधड्या.

आमचे हे काशीमीऱ्याला गोदामावर वॉचमन होते, दरोडेखोरांच्या गोळीने गेले. भाभींना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटची आंघोळ घालताना मी जखम पाहिलेली, टिकलीएवढीच. रोज दिवा लावल्यावर सासूबाई विचारतात, "त्याला फार दुखलं नसेल ना गं?" मी देवासमोर सांगते, "नाही आई, टिकलीएवढं तर होतं."

आजही तेच सांगितलं, पण देवाकडे पाठ करून. तुम्ही काय सांगितलं असतं?